हात कमी पडले तेव्हा

ऑक्सफर्डशायरमधल्या कक्सम या गावात रॉबर्ट ओल्डमन १३११ पासून कारभारी होता. गाव ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या मालकीचे. रॉबर्ट स्वतः वेठकरी कूळ, जन्माने जमिनीला बांधलेला. पण किती बी पेरले, किती धान्य झाले, किती वासरे जगली, वेठीला कोण आले आणि कोण आले नाही, याचा हिशेब दरवर्षी कॉलेजपुढे मांडायची जबाबदारी त्याची. जवळजवळ चाळीस वर्षे त्याने हे काम केले. १३४९ च्या वसंतात प्लेगने तो गेला. मुलाने कारभार हाती घेतला. थोड्याच दिवसांत तोही गेला. पुढे नेमलेली माणसेही त्याच वर्षी दगावली. दहाएक वर्षांत कॉलेजने स्वतः शेती करणे सोडून दिले आणि जमीन मक्त्याने दिली.

कक्समसारख्या शेकडो गावांचे हिशेब चर्मपत्रांवर टिकून आहेत. विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीचे तर १२०८ पासूनचे आहेत. हे सारे कागद मालकाचा फायदा राखण्यासाठी लिहिलेले. पण कापणीला किती पेन्स दिले, न्याहारीला काय वाढले, कोणते कूळ रात्रीतून गाव सोडून गेले, हेही त्यांत ओघाने आले. ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते त्या माणसांचा इतिहास आज लिहिता येतो तो त्यांच्या धन्यांच्या वह्यांतून.

त्या वह्या वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्लंडच्या शेतमजुराचे दिवस पालटले, त्याचे कारण नुसती माणसे कमी झाली एवढेच नाही. उरलेली माणसे बांधलेल्या जागेवरून उठून चालू लागली, हे खरे कारण. आणि ते चांगले दिवस पुढे पुन्हा फिरले ते शेतात काय पिकवायचे हेच बदलले तेव्हा. मजुरी आणि जमिनीचा वापर यांचा इतिहास वेगवेगळा लिहिला जातो. गावाच्या पातळीवर ते एकच प्रकरण होते.

आधीची घडी कशी होती ते पाहू. मध्य इंग्लंडमधल्या गावाभोवती दोन किंवा तीन अफाट शेते असत. त्यांना कुंपण नसे. प्रत्येक शेत शेकडो लांब, अरुंद पट्ट्यांत वाटलेले. एका कुळाचे पट्टे सलग नसत. एक ओढ्याकाठी, एक टेकडीवर, एक पार दुसऱ्या शेतात. चांगली आणि भुकेची जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी अशी ती रचना. तीन शेतांच्या गावात एकात थंडीच्या सुरुवातीला गहू किंवा राय पेरायचे, दुसऱ्यात वसंतात जव, ओट, वाटाणा, घेवडा, आणि तिसरे पड. पुढच्या वर्षी फेर बदलायचा. पड जमिनीवर आणि कापणीनंतरच्या धसकटांवर सगळ्या गावाची गुरे चरत, त्यांच्या शेणामुताने जमिनीला बळ मिळे. चिकण जमीन फोडायला जड नांगर लागे आणि त्याला आठ बैल जुंपायची रीत. आठ बैल एका घरी क्वचितच असत, म्हणून सावड करावी लागे. केव्हा पेरायचे, केव्हा गुरे सोडायची, कोणी कुठवर सरवा वेचायचा, हे गावसभेत आणि मालकाच्या कचेरीत ठरे. एकट्याने वेगळे पीक घ्यायची सोय त्यात नव्हती.

मालकाचीही शेती असे. आपल्याकडे जहागिरदाराच्या खासगत जमिनीला शेरी म्हणत, तशीच ही जमीन. बहुतेक ठिकाणी तिचे पट्टेही कुळांच्या पट्ट्यांत मिसळलेले. ती कसायची कोणी? थोडे सालगडी असत, नांगर हाकणारे, गाडीवान, मेंढपाळ, गवळण. बाकीचे काम वेठीवर. पंधरा किंवा तीस एकर कसणाऱ्या वेठकरी कुळाने आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतावर राबायचे आणि सुगीत त्याहून जास्त, म्हणजे स्वतःचा गहू उभा असताना मालकाचा आधी कापायचा. त्यावर आणखी पट्ट्या. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे. कूळ मेले की घरातले सगळ्यांत चांगले जनावर मालकाकडे. दळण मालकाच्या गिरणीतच, आणि त्यात मापटे मालकाचे. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सगळे शेतकरी असे बांधलेले नव्हते; स्वतंत्र कुळेही पुष्कळ होती, काही भागांत तीच जास्त. पण मध्य आणि दक्षिण इंग्लंडच्या मोठ्या जहागिऱ्यांवर वेठ हाच कणा होता.

१३०० च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. जमिनीची तहान इतकी की डोंगरउतार, दलदल, रानांच्या कडा नांगराखाली आल्या. एक पोते गहू पेरला तर चारेक पोती हाती येत, त्यातले एक पुन्हा बियाण्याला. वारसांत वाटत वाटत कित्येक घरांकडे दोन-तीन एकर उरले होते, कित्येकांकडे झोपडी आणि परसू एवढेच. हे लोक सुगीत कापणीला आणि हिवाळ्यात मळणीला जात, आणि मजूर भरपूर असल्यामुळे मिळेल त्यावर समाधान मानत. १३१५ पासून लागोपाठ पावसाने पिके कुजवली. तीन वर्षे दुष्काळ पडला, दहातले एक माणूस तरी गेले, आणि १३१९ पासून गुरांवर साथ येऊन बैल मेले. बैल गेले म्हणजे नांगर बसला. तरीही मजुरीच्या दरात मोठा फरक पडला नाही. भुकेल्या हातांची गर्दी तेवढ्यानेही हटली नव्हती.

प्लेग १३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटमधल्या मेलकम रीजिस या बंदरात उतरला. १३४९ संपायच्या आत त्याने देश पिंजून काढला होता. चाळीस ते पन्नास टक्के माणसे गेली असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. १३६१ मध्ये तो पुन्हा आला आणि मुलांना जास्त घेऊन गेला. १३६९ आणि १३७५ मध्येही आला. यामुळे झीज भरून निघालीच नाही. १३७७ च्या डोईपट्टीवरून काढलेला लोकसंख्येचा आकडा पंचवीस-सत्तावीस लाखांचा येतो, आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो फारसा वर गेला नाही.

लेस्टरच्या मठातला हेन्री नाइटन या काळाची बखर लिहीत होता. मेंढ्या सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या पिकांतून मोकाट फिरत होत्या, चाळीस शिलिंगांचा घोडा सहा-सात शिलिंगांना मिळत होता, पण कापणीला माणूस जेवण देऊन वर आठ पेन्स रोज घेतल्याशिवाय येत नव्हता, असे तो नोंदवतो. त्याच्या लिहिण्यात मजुरांच्या माजाबद्दल राग आहे. मठाची शेती त्यांच्यावर चालत होती, तेव्हा राग येणारच. पण त्याच्या आकड्यांतून दुसरी बाजूही दिसते. कालपर्यंत ज्याला कोणी विचारत नव्हते त्याच्या दारात आज तीन मालक उभे होते.

सरकारने चपळाई दाखवली. जून १३४९ मध्ये, साथ अजून उत्तरेकडे सरकत असतानाच, तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले, आणि फेब्रुवारी १३५१ मध्ये संसदेने मजुरांचा कायदा केला. साठीच्या आतल्या धडधाकट, जमीन किंवा धंदा नसलेल्या कोणीही काम नाकारायचे नाही, आणि मजुरी साथीच्या आधीच्या दराने, म्हणजे १३४६ च्या सुमाराच्या दराने घ्यायची. गवत वाळवणीला दिवसाला एक पेनी. कुरणातले गवत कापायला एकरी पाच पेन्स. पिकाच्या कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन पेन्स, पुढे तीन. गव्हाची मळणी मापावर, ठरल्या दराने. सालगड्यांनी वर्षभराचाच करार करायचा, रोजंदारीवर राहायचे नाही. मजुरांनी हत्यारे हातात घेऊन बाजाराच्या जागी उघडपणे उभे राहायचे, म्हणजे आत बसून भाव ठरवता येणार नाही. ऐकले नाही तर गावोगावी खोडे बसवावेत, पाय अडकवून ठेवायला.

या कायद्यात संसदेतल्या जमीनदारांची भीती स्पष्ट दिसते. पुष्कळ मजूर असताना बाजारभावाने मजुरी द्यायला त्यांची कधी ना नव्हती. मजूर थोडे झाले तेव्हाच त्यांना जुन्या दराचे पावित्र्य आठवले. आणि कायदा कागदावर राहिला असेही नाही. खास न्यायाधीश नेमले गेले, हजारो स्त्रीपुरुषांना दंड झाले, आणि काही वर्षे दंडाची रक्कम गावाच्या करातून वळती करायची सोय केली. त्यामुळे ज्या शेतकऱ्याला कर भरायचा होता त्याला शेजारच्या मजुराला पकडून देण्यात थेट फायदा होता. गावाला गावाविरुद्ध लावायची ही युक्ती होती.

तरी दर थांबले नाहीत. मालकांनीच आपापसांत कायदा मोडला. पीक उभे आहे, आभाळ भरून आले आहे, शेजारचा जहागीरदार एक पेनी जास्त देतो आहे, अशा वेळी कायदा कोण बघतो? हिशेबाच्या वहीत सरकारी दर लिहायचा आणि वरून गहू द्यायचा, जेवण वाढवायचे, बक्षिसी द्यायची. कित्येक वह्यांत कारकुनाने आधी खरी रक्कम लिहिली, मग ती खोडून कायद्याची लिहिली, हे आजही दिसते. नाइटन सांगतो की राजाने जास्त मजुरी देणाऱ्या मठाधिपतींना आणि सरदारांनाही दंड केले.

मात्र पहिली पंचवीस वर्षे मजुराच्या पदरात वाटते तितके पडले नाही. हवामान खराब होते, धान्याचे भाव चढे राहिले, आणि वाढलेली मजुरी भाकरीतच गेली. मालकांनी कुळे कमी झाली तरी उरलेल्यांवर जुन्या पट्ट्या पूर्ण ताकदीने बसवल्या, रिकामी शेते जबरदस्तीने गळ्यात बांधली. १३७५ नंतर पिके चांगली आली, धान्य उतरले, मजुरी मात्र खाली आली नाही. खरा फरक तिथून पडला. एकोणिसाव्या शतकात थोरोल्ड रॉजर्स या अर्थशास्त्रज्ञाने पंधराव्या शतकाला इंग्लिश मजुराचे सुवर्णयुग म्हटले. हे नाव मला जरा जास्त वाटते, कारण प्लेग गेला नव्हता आणि घराघरात माणसे मरतच होती. पण पोटाचा प्रश्न बराच सुटला होता यात शंका नाही. नॉरफोकमधल्या सेजफर्ड गावी सुगीच्या माणसांना मालकाकडून जेवण मिळे, त्याचे हिशेब आहेत. तेराव्या शतकात बहुतांशी जवाचा पाव, थोडे चीज, मांसाचा नुसता वास लागेल एवढा तुकडा. १४२४ मध्ये दर दोन पौंड पावामागे एक पौंड मांस, पाव गव्हाचा, आणि दिवसाला तीन-साडेतीन लिटर एल हे बिअरसारखे पेय. त्याआधी, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या विल्यम लँगलंडच्या काव्यात भूमिहीन मजूर कालची शिळी कोबी खायला नकार देतो आणि ताजे, गरम मांस किंवा तळलेले मासे मागतो अशी तक्रार आहे. कवीला ती उर्मट मागणी वाटली. पिढ्यान्‌पिढ्या शिळे खाल्लेल्या माणसाला ताजे मागावेसे वाटले, यात मला तरी उर्मटपणा दिसत नाही.

ताटाइतकाच कपडाही डोळ्यांत खुपला. १३६३ मध्ये संसदेने नांगऱ्यांनी, गाडीवानांनी, गुराख्यांनी, मेंढपाळांनी यार्डाला बारा पेन्सपर्यंतचे जाडेभरडे लोकरी कापडच वापरावे असा कायदा केला. पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला.

बायकांचे काय झाले? सुगीत त्या विळा चालवत, मळणीला, मेंढ्या कातरायला, शाकारणीला हाताखाली असत. माणसे कमी झाल्यावर त्यांना जास्त दिवस काम मिळाले हे नक्की. पण दर बरोबरीचा झाला का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, आणि मला तरी पुराव्यावरून तो झालेला दिसत नाही. उलट एकट्या, धनी नसलेल्या बाईला वर्षाच्या नोकरीला जबरदस्तीने बांधायला मजुरांचा कायदा फार सोयीचा पडला.

सगळ्यांत मोठा बदल पायांनी घडवला. कचेरीच्या नोंदींत पळून गेलेल्या कुळांची नावे वर्षानुवर्षे येतात: अमका तमक्या गावी राहतो, त्याला धरून आणावे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य. मग नाव गळते. धरून आणणे शक्य नव्हते, कारण ज्या गावी तो गेला तिथल्या मालकालाही माणूस हवाच होता. १३८८ मध्ये केंब्रिजला भरलेल्या संसदेने शिक्क्याचे पत्र असल्याशिवाय मजुराने आपला परगणा सोडू नये असे ठरवले, आणि बाराव्या वर्षापर्यंत नांगरावर काम केलेल्या मुलाने पुढे दुसरा धंदा शिकू नये असेही. पोरगे बारा वर्षांचे होईतो त्याचे आयुष्य ठरवून टाकणारा हा कायदा वाचताना आजही राग येतो.

खुद्द शेतकऱ्यांच्या रागाचा स्फोट सात वर्षे आधीच होऊन गेला होता. १३७७ मध्ये दक्षिणेकडच्या चाळीसेक गावांनी वर्गणी काढून डूम्सडे बुकातले उतारे विकत घेतले. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या दप्तरात आपले गाव राजाच्या मालकीचे लिहिले असेल तर वेठ लागू होत नाही, असा त्यांचा दावा. ज्यांना अडाणी म्हटले गेले ते लोक सरकारी दप्तराचे दाखले घेऊन भांडत होते. दावे फेटाळले गेले. मग फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी डोईपट्ट्या आल्या, आणि १३८० च्या अखेरीस मंजूर झालेली तिसरी पट्टी माणशी बारा पेन्स, पहिलीच्या तिप्पट. ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला करवसुली अधिकाऱ्याला लोकांनी हाकलले. पंधरा दिवसांत केंट आणि एसेक्सचे हजारो लोक लंडनमध्ये होते. १४ जूनला माइल एंडला त्यांनी चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डपुढे मागण्या ठेवल्या: वेठकरीपण संपवा, जमिनीचा खंड एकरी चार पेन्स ठरवा, आणि कोणी कोणाकडे काम करायचे ते ज्याने त्याने ठरवू द्या. राजाने होकार दिला, कारकून सनदा लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बंडखोरांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला आणि २ जुलैला राजाने सनदा रद्द केल्या. जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकाला सेंट ऑल्बन्सला ठार केले.

त्या सेंट ऑल्बन्समध्ये जे झाले ते मला लंडनच्या जाळपोळीपेक्षा महत्त्वाचे वाटते. तिथल्या मठाधिपतीने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी लोकांच्या घरांतली जाती जप्त केली होती, कारण घरी दळले की मठाच्या गिरणीचे उत्पन्न बुडे. जप्त केलेल्या जात्यांच्या तळ्या त्याने मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या. नातवंडे ते विसरली नव्हती. १३८१ च्या जूनमध्ये लोक आत शिरले, तळ्या उखडल्या, फोडल्या आणि प्रसादाचा पाव वाटतात तसे तुकडे आपसांत वाटून घरी नेले. घरात जाते असणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. अनेक गावांत लोकांनी कचेरीची दप्तरे अंगणात आणून जाळली. आपली गुलामी कुठे लिहिलेली आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

बंड चिरडले गेले, पण वेठ टिकली नाही. कोणत्याही कायद्याने ती रद्द केली नाही. ती न परवडणारी झाली. वेठीवर आलेला माणूस मन लावून काम करत नाही, आणि दाबले तर पळून जातो. रोजंदारीवर माणूस घ्यायचा तर मजुरी चढी, धान्याला भाव नाही. १३८० पासून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ सगळ्या मोठ्या जहागीरदारांनी, बिशपांनी, मठांनी शेरीची शेती स्वतः करणे सोडले आणि ती मक्त्याने दिली. मक्ता घेणारे बहुधा गावातलेच, पुष्कळदा जुना कारभारीच, कारण हिशेब त्याला येत होता. कुळांची वेठ रोख खंडात बदलली. ज्या दप्तरात त्यांचे बांधलेपण लिहिले होते त्याच दप्तरातल्या नोंदीची नक्कल आता जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून कूळ आपल्या पेटीत ठेवू लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजाची न्यायालयेही त्या नकलेला मान देऊ लागली. ज्यांच्या आजोबांनी दप्तरे जाळली त्यांनी पुढे त्यांचीच नक्कल जपली, यात विसंगती नाही. कागद आता त्यांच्या बाजूने बोलत होता.

माणसे कमी झाली की मजूर आपोआप सुटतो, असे मात्र समजू नये. त्याच प्लेगनंतर नाईल नदीच्या खोऱ्यात कालवे आणि बांध दुरुस्त करायला हात उरले नाहीत, ममलूक सरदारांनी उरलेल्यांकडून जुनाच वसूल काढला, आणि इजिप्तची शेती खंगली. पोलंडमध्ये संसदेने १४९६ मध्ये शेतकऱ्यांचे गाव सोडणे बांधून टाकले आणि १५२० मध्ये आठवड्यातून एक दिवस वेठ सक्तीची केली. पुढे ती वाढतच गेली. मालकांची एकी, राजाचे बळ, गावाची स्वतःची वहिवाट, जवळ शहर आणि बाजार असणे, यांवर सारे ठरले. इंग्लंडच्या मालकांनीही तेच करू पाहिले होते. त्यांना जमले नाही, कारण ते एकमेकांची माणसे पळवत राहिले आणि माणसे पळत राहिली.

आता जमिनीकडे वळतो, कारण मालकाने उत्तर शोधले ते तिथे. नांगरटीला हात लागतात. गवताला लागत नाहीत. शंभर एकर पिकाला औते, पेरणारे, खुरपणारे, कापणारे, मळणारे हवेत. त्याच शंभर एकरांवर गवत वाढू दिले तर एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा पुरतो. धान्याचा भाव पडलेला, मांसाची आणि कापडाची मागणी वाढलेली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड वर्षाला पस्तीस-चाळीस हजार गोणी कच्ची लोकर परदेशी पाठवत होते. पंधराव्या शतकाच्या मध्यात ती निर्यात दहा हजारांच्याही खाली आली, कारण लोकर देशातच विणली जाऊ लागली आणि तयार कापड बाहेर जाऊ लागले. उतारावरची, भुकेची, आजोबांनी भुकेपोटी फोडलेली जमीन आधी गवताखाली गेली. त्यात वाईट काही नव्हते; ती जमीन नांगरायला नकोच होती. छोट्या शेतकऱ्यांनीही चार मेंढ्या, दोन गायी वाढवल्या.

मग मधल्या प्रांतांत, वॉरिकशायर, लेस्टरशायर, नॉर्दम्प्टनशायरमध्ये, गावेच्या गावे गवताखाली जाऊ लागली. उघड्या शेतांची घडी सावडीवर चालत होती. वीस घरांची सहा झाली की आठ बैलांचा नांगर जुळत नाही, पडीचा फेर सांभाळता येत नाही, गुरे राखायला पोर मिळत नाही. उरलेल्यांतला एखादा जण सगळे पट्टे घेतो, बाकीचे चांगल्या मजुरीच्या शोधात निघून जातात, आणि एके दिवशी मालक किंवा मक्तेदार भोवती कुंपण घालतो. वॉरिकचा जॉन राउस या पाद्र्याने १४५९ मध्ये संसदेकडे याविरुद्ध अर्ज केला होता आणि पुढे आपल्या इतिहासात ओस पडलेल्या सुमारे साठ गावांची यादी दिली. लोभी जमीनदारांवर त्याचा राग धगधगता आहे. आज अशी ओस गावे संपूर्ण इंग्लंडमध्ये दोन हजारांहून जास्त मोजली गेली आहेत. त्यांत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो यॉर्कशायरमधल्या व्हारम पर्सीचा. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून चाळीस उन्हाळे तिथे उत्खनन केले. शेवटची चार घरे १५०० च्या सुमारास पाडली गेली. गाव त्याआधी शंभर-दीडशे वर्षे आकसत आले होते.

म्हणून मेंढ्यांनी माणसे खाल्ली असे जे टॉमस मोर याने १५१६ मध्ये 'युटोपिया'त रंगवले, ते अर्धे खरे. बहुतेक ठिकाणी आधी माणसे गेली, मेंढ्या मागून आल्या. पण उरलेले अर्धेही पुसून टाकता येत नाही. वॉरिकशायरमधल्या बर्टन डॅसेटला रॉजर हेरिटेज हा शेतकरी मालकाची शेरी मक्त्याने करत होता. १४९५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे आठशेहून जास्त मेंढ्या होत्या, पण शेजारी अजून नांगर चालत होते. दोन-तीन वर्षांत जहागीर एडवर्ड बेलनॅपच्या हाती आली, त्याने जमीन कुंपणात घेतली, आणि कुळे घरदार सोडून गेली. रॉजरचा मुलगा जॉन मोर्टन-इन-मार्शला जाऊन लोकरीचा व्यापारी झाला. त्याची हिशेबाची वही वेस्टमिन्स्टर ॲबीत सापडली आहे. पूर्वीचे वेठकरी आणि नंतरचे कुंपणवाले अशा दोन जाती नव्हत्या. मक्ता घेऊन वर आलेल्या शेतकऱ्यांच्याच घरांतून पुष्कळसे मेंढीवाले निघाले.

काही गावे वाचली, आणि ती कशी वाचली हे सांगितले पाहिजे. क्विंटन हे गाव ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजच्या मालकीचे होते. पंधराव्या शतकाच्या शेवटी ते असेच आकसू लागले आणि कॉलेज सगळी शेरी एकाच बाहेरच्या मक्तेदाराला द्यायच्या विचारात होते. गावच्या पाद्र्याने कॉलेजला पत्र लिहून कळवले की एका माणसाला पोसण्यापेक्षा एका गावाला पोसण्यात जास्त पुण्य आहे, जमीन कुळांनाच मिळून द्या. क्विंटन आजही नांदते आहे. राउसच्या यादीतल्या गावांबद्दल कोणी असे पत्र वेळेवर लिहिले असते तर, असे वाटून जाते.

सरकार जागे झाले तेव्हा त्याला काळजी सैनिकांची आणि करांची होती. १४८९ च्या कायद्याने वीस एकर किंवा त्याहून जास्त जमीन असलेली शेतघरे पाडायला बंदी केली. १५१७ मध्ये राजाचा प्रधान वुल्झी याने चौकशी समित्या पाठवल्या. किती नांगर थांबले, किती घरे पडली, किती माणसे रडत निघून गेली, याच्या नोंदी झाल्या. पण तोवर वारे फिरले होते. १५२० च्या सुमारापासून लोकसंख्या वाढू लागली, धान्य महागले, आणि मजुरी मागे राहिली. आजोबांनी जिथे मालकाकडे पाठ फिरवून दुसऱ्या गावी जागा मिळवली, तिथे नातवाला आता कुंपण लागत होते. जाण्यासारखे गावच राहिले नव्हते.

जुलै १५४९ मध्ये नॉरफोकमधल्या विमंडमच्या लोकांनी कुंपणे उपटायला सुरुवात केली. रॉबर्ट केट हा तिथला सधन जमीनदार. लोक त्याच्या शेतावर आले तेव्हा त्याने त्यांना अडवले नाही. स्वतःचे कुंपण त्यांच्याबरोबर पाडले आणि त्यांचा पुढारी झाला. नॉरिचबाहेरच्या मूसहोल्ड माळावर हजारो लोक सहा आठवडे तळ ठोकून होते. तिथे लिहून काढलेल्या त्यांच्या मागण्यांत जहागीरदारांनी गावच्या गायरानावर आपली गुरे-मेंढरे सोडू नयेत, जमिनीचा खंड सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षाइतका, म्हणजे १४८५ च्या पातळीवर आणावा, हे होतेच. त्याच कागदावर आणखी एक कलम होते: अजून बांधलेली जी माणसे उरली आहेत त्यांना मोकळे करावे. माइल एंडला राजाने कबूल केलेले हेच १६८ वर्षांनी पुन्हा मागावे लागले, आणि या वेळी कुंपणाच्या प्रश्नासोबत. २७ ऑगस्टला डसिनडेलच्या लढाईत ते हरले. ७ डिसेंबरला केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिले. नॉरफोकमधली शेवटची वेठकरी घराणी आणखी काही वर्षे तशीच राहिली. १५७४ मध्ये एलिझाबेथ राणीने आपल्या जहागिऱ्यांवरच्या अशा माणसांना सोडवायला अधिकारी नेमले, तेही त्यांच्याकडून पैसे घेऊन.